परत म्हण

पनवेल, ३ मे १९९२

सुनंदास,

बाबांचा आशीर्वाद. पत्राचं कारण पहिल्या ओळीत लिहावं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण कारण तुला माझ्याआधी माहीत होतं. आपल्या कमळाकरच्या मैनाच्या नववीच्या निकालावर इंग्रजीच्या पुढे तुझीच सही आहे.

तू रुळांच्या पलीकडे नवीन पनवेलला, मी अलीकडे गावात. एवढ्याशा अंतरासाठी पत्र टाकतो म्हणून तिकीट घेताना पोस्टातला मुलगा हसला. हसू दे. तुझ्याकडे आलो की जावईबापू खुर्ची पुढे करतात, पाणी आणतात, पंखा लावतात, आणि मी कशाला आलो तेच विसरून चहा पिऊन परत येतो. शिवाय तुमचा जिना. डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला आहे.

कमळाकर शाळेतून आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी आधी गोळी घेतली, मग विचारलं. शाळेने सांगितलं म्हणे, मुलगी इंग्रजीत नापास, हिला दहावीत बसवता येणार नाही, दाखला घ्या आणि दुसरीकडे बघा. दहावीचा निकाल शंभर टक्के लागायला हवा म्हणून कच्ची मुलं नववीतच गाळतात, असं सूनबाई जनी म्हणाली. ती सोबत गेली होती. तू तिथेच खुर्चीत बसली होतीस, असंही ती म्हणाली. कमळाकरने तुला "बाई" म्हणून हाक मारली आणि तू "बोला" म्हणालीस. सख्खा भाऊ बहिणीला बाई म्हणतो आणि ती त्याला बोला म्हणते. हे मला नापासापेक्षा जास्त लागलं, पण ते राहू दे.

त्याने आरडाओरडा केला हे चुकलंच. "आमच्या जमिनीवर तुमची शाला उभी हाय, आन आमचीच पोर भायेर?" असं म्हणाला ना? तुमचा कारकून म्हणाला, जमीन सरकारने घेतली, शाळेने नाही. दोघांचंही खरं आहे. म्हणून तर भांडण मिटत नाही.

मी मैनाला जवळ बसवून विचारलं, एवढं काय चुकलीस? ती म्हणाली, निबंध होता, मी पाहिलेलं लग्न. बाकीच्या मुलींनी हॉलमधली लग्नं लिहिली, लायटिंग, आइस्क्रीम. हिने आजीचा धवला लिहिला. भटजी यायच्या आधी आपल्यात धवलारीण बाई मांडवात बसून गाते, देवांना, धरतीला, खाडीला, मेलेल्या आजा-पणज्यांना नाव घेऊन बोलावते, आणि तेव्हाच लग्न लागलं असं आपण धरतो, हे सगळं त्या पोरीने इंग्रजीत सांगायला घेतलं. मला मराठीत लिहिताना दम लागला. तिची भाषा मोडली असणारच. तू तिला म्हणालीस म्हणे, "सांगायचंय ते चांगलं आहे, पण हे इंग्रजी नाही." आणि खाली नुसता आकडा.

सुनंदा, तुझ्या आईबद्दलचा निबंध होता तो.

मी सूट मागतो आहे असं समज. कमळाकरने जासईचं एक स्थळ काढलं आहे. मुलाचा ट्रेलर आहे, बंदराच्या कामावर चालतो. "नववी नापास पोर घरात बसवून काय लोनचं घालू?" असं जनीला म्हणत होता. मैनाला आत्ता कुठे सोळावं लागलंय. शाळेत राहिली तर तो थांबेल. तेवढं तुझ्या हातात आहे.

पावती म्हणून एक कार्ड टाक. पत्र पोचलं की नाही याचा मला घोर लागतो.

तुझा बाबा

पनवेल, ९ मे १९९२

सुनंदास,

कार्ड मिळालं. नशीब, जनीच्या हातात पडलं, कमळाकरच्या नाही.

तू लिहितेस, "बाबा, मी तिला आज पास करीनही. पण अकरावीला कॉलेजात ती पहिल्यांदा तोंड उघडेल तेव्हा मी तिथे नसेन. सगळा वर्ग हसेल. मला हसले होते तसे." आणि पुढे लिहितेस, आगरी म्हणून एकदा सूट घेतली की ती जन्मभर सूट मागत फिरेल.

वाचलं तेव्हा मला तुझं पटलं. मग संध्याकाळी कमळाकर ओट्यावर बसून बोलत होता. "ज्यांच्या घरात आयबाप इंग्रजी बोलतात त्यांची पोरा पास. आमच्या घरात कोन बोलनार, बैल? बैल बी इकले. म्हंजे परीक्षा पोरीची नाय, आयबापाची हाय." तेव्हा मला त्याचं पटलं. माझं हे असं आहे. जो शेवटी बोलतो त्याचं मला बरोबर वाटतं. म्हणून मिठागरातही मला कधी मुकादम केलं नाही.

माझ्या शाळेची गोष्ट तुला सांगितली होती का? मी "नाय" म्हटलं की गुरुजी म्हणायचे, तळ्यावर जा आणि तोंड धुऊन ये. मी जायचो, धुऊन यायचो, परत "नाय" म्हणायचो. चौथीपर्यंत माझ्याइतकं स्वच्छ तोंड गावात कुणाचं नव्हतं. आजही बघ, बोलताना माझ्या तोंडून "नाय" येतं आणि लिहिताना हात आपोआप "नाही" लिहितो. गुरुजींनी वाईट केलं की चांगलं, मला ठरवता येत नाही. शुद्ध लिहिता आलं नसतं तर आज तुला पत्र लिहायची लाज वाटली असती. पण चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, हेही आहेच. वडील मिठागरावर ये म्हणाले आणि मला बरं वाटलं.

आता घरची बातमी. मैना शाळेविना घरात बसून रडत होती, तेव्हा तुझ्या आईने तिला धरलं. "रडायला गला चांगला हाय तुजा. बस, धवला शिक." गावातल्या गोदूच्या नातीचं लग्न या महिन्याच्या शेवटाला आहे आणि आईच्या मागे झेलायला बाई उरलेली नाही. आई एक ओळ म्हणते, दुसरीने ती उचलायची असते, तुला सांगायला नको. दम्यामुळे आईला एकटीने ओढवत नाही.

आणि काय सांगू तुला, ही तुझ्यापेक्षा कडक मास्तरीण आहे. कुठल्या देवामागे कुठला देव, कुणाला काय म्हणून हाक मारायची, कुठे सूर खाली घ्यायचा. एक नाव गळलं की तो रुसला, असं तिचं म्हणणं. मैनाच्या तोंडात शाळेतले शब्द येतात. आले की आई तांदूळ निवडताना वर न बघताच म्हणते, "परत म्हन." पुन्हा पहिल्यापासून. पोरगी रडकुंडीला येते. सकाळी सुरू होतं ते जेवणं होईपर्यंत. शेजारचे म्हणतात, देवांनाच कंटाळा येईल, न बोलावता येतील.

मला राग आला. मी म्हटलं, "तू सुनंदाला नावं ठेवतंस, आन तू काय वेगली? ती इंग्रजीचा एक शब्द हलू देत नाय, तू धवल्याचा."

ती म्हणाली, "मी चुकली तं परत गायाला लावतंय. घरा नाय पाठवत."

मला वाटलं, हे तुला लिहावं. मार्क देऊ नकोस. पण परत लिहायला लाव की. पुन्हा परीक्षा घे, पंचवीसदा घे. दाखला कशाला हातात देता?

हे मी बोललो असतो तर मध्येच अडखळलो असतो. पत्रात बरं झालं.

तुझा बाबा

पनवेल, १६ मे १९९२

सुनंदास,

तुझ्या कार्डावर एकच ओळ होती. "आईला विचारा, मला मांडवातून कुणी उठवलं होतं."

दोन दिवस ते कार्ड उशीखाली ठेवून झोपलो. झोप कसली म्हणा. इतकी वर्षं मी समजत होतो, तू ते विसरलीस. तू तेव्हा मैनाएवढी होतीस, पनवेलच्या हायस्कूलात जायचीस, बोलणं बदललं होतं. कुणाचं लग्न तेही आता आठवत नाही. तू आईच्या मागे बसून झेलत होतीस आणि शाळेतल्या भाषेत गायला लागलीस. आईने गाणं थांबवलं, तुझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "ऊठ. घरा जा." सगळा मांडव बघत होता. तू उठलीस. त्यानंतर तू कधीच धवल्याला बसली नाहीस.

आणि मग तुझं स्वतःचं लग्न. हॉलमध्ये, पुण्याचे भटजी, सनई कॅसेटवर. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. जावईबापूंच्या माणसांनी आम्हाला मान दिला, काही कमी केलं नाही. फक्त धवलारणीच्या स्वतःच्या मुलीचं लग्न, आणि आई पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला कुणी गा म्हटलं नाही. मीही नाही. घरी येताना रिक्षात ती म्हणाली होती, "लगीन लागला का?" मी म्हटलं, "लागला." ती म्हणाली, "मना नाय समजला."

तर मी विचारलं. काल दुपारी, घरात कुणी नसताना. मी कार्ड वाचून दाखवलं. ती मासळी साफ करत होती. हातातला मासा खवलत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही, म्हणून परत वाचायला लागलो तर म्हणाली, "आयकला. बैरी नाय मी."

मग म्हणाली, "उठवली. मीच उठवली. वरपक्षाच्या बाया तोंडाला पदर लावून हसाया लागल्या व्हत्या. बोलत व्हत्या, बघा शालेतली धवलारीन. त्या आनखी हसतील, त्याच्याआदी मीच उठवली. माझी पोर, तिला दुसरा कोन कशाला हसेल?"

सुनंदा, हे मी आधी कुठेतरी वाचलं आहे असं मला वाटलं. आत जाऊन तुझं पहिलं कार्ड काढून पाहिलं. सगळा वर्ग हसेल, असं तू लिहिलं आहेस. मला यातून काय म्हणायचं आहे ते मलाच नीट कळत नाही. मी चौथी शिकलेला. पण दोघींनी एकाच कारणासाठी पोरीला उठवलं, आणि दोन्ही वेळा पोरगी रडत घरी आली. हसणाऱ्या बाया मात्र पोटभर जेवून गेल्या.

शेवटी ती म्हणाली, "ह्या लिवू नको तिला." म्हणून लिहितो आहे. माझ्या पत्राचं घरात बोलू नकोस, म्हणजे तू बोलतेस कुठे, तरीपण.

जासईची माणसं रविवारी मुलगी बघायला येणार होती. मी पोटात दुखतंय म्हणून निजून राहिलो, घरात आजारी माणूस म्हणून बोलणं पुढे गेलं. असं किती वेळा निजणार?

गोदूने तुलाही आमंत्रण दिलं आहे, असं कळलं. येणं न येणं तुझ्याकडे.

तुझा बाबा

पनवेल, २६ मे १९९२

सुनंदास,

गोदूच्या मांडवात तू मागे उभी होतीस, तेव्हा पुढचं तुला दिसलं नसेल ते सांगतो.

मी खांबाला टेकून बसलो होतो, आईच्या समोर. तिच्या मागे मैना, जनीची हिरवी साडी नेसलेली, सारखी पदर ओढत होती. आई सुरू झाली तेव्हा बरं चाललं होतं. खाडीला बोलावलं, डोंगराला बोलावलं. मग तुझी अबोली रंगाची साडी मांडवाच्या तोंडाशी दिसली, खांद्याला पर्स, आणि मैनाने तुला पाहिलं. तिथेच तिच्या तोंडून एक नाव गळलं.

आई थांबली. म्हणाली, "परत."

पोरीने उचललं, तिथेच अडली. "परत." मांडवात कुजबुज सुरू झाली. नवऱ्या मुलाचा मामा ओरडला ते तू ऐकलंसच. "ओ म्हातारे, लगीन आज लावतंस का उद्या? जेवन थंड होतंय!" सगळे हसले. मला वाटलं आता आई उठवते तिला, दुसऱ्यांदा तेच बघायचं माझ्या नशिबात आहे. पण आईने त्या मामाकडे मान वळवली. "उद्या बी लावीन. घाई असल तं तू जेव जा, नवरा इथंच बसल." मग बाया मामाला हसायला लागल्या.

"परत," आई मैनाला म्हणाली.

आणि पोरीच्या तोंडून आवाजच निघेना. तेव्हा मागून तू उचललंस.

तुझा आवाज मी किती वर्षांनी ऐकला. तू ते शाळेच्या भाषेतच म्हणालीस, सुनंदा. देवाची शपथ सांगतो, मी डोळे मिटून घेतले. बघवलं नसतं. उघडले तेव्हा आई चटईवर सरकली होती. बाजूची जागा हाताने झाडत होती. म्हणाली, "उभ्याने नाय गात. बस."

तू पर्स सांभाळत माणसांतून वाट काढत आलीस आणि बसलीस. तुम्ही तिघी एका चटईवर. पुढच्या ओळीला तू चुकलीस. आईने गाणं थांबवलं, तुझ्या मांडीवर हात ठेवला. मी पुन्हा डोळे मिटले. ती म्हणाली, "परत म्हन."

किती वेळा म्हणवलं तिने तुला, मला मोजता आलं नाही. भात थंड झाला हे खरं. पण गोदू म्हणते, एकही देव राहिला नाही.

नंतर तू न जेवता निघालीस म्हणून जनीला वाईट वाटलं. घरी आल्यावर आईने साडीची घडी घातली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तिचा गला बसलाय. शालेत लय बोलत असल." एवढंच. मी हे तुला जसंच्या तसं लिहितो आहे.

निकालाचं मी आता काही विचारत नाही. तुझी नोकरी आहे, तुझ्यावर शाळा आहे. तू काय करशील ते कर.

तुझा बाबा

पनवेल, ५ जुलै १९९२

सुनंदास,

आता तू दररोज संध्याकाळी शाळा सुटली की घरी येतेस, तेव्हा पत्राची गरज नाही. तरी लिहितो, कारण तू समोर असलीस की मी पावसाबद्दल आणि गोळ्यांबद्दल बोलतो.

आकडा तू बदलला नाहीस. तुमच्या मुख्याध्यापिकांकडे तू फेरपरीक्षा मागितलीस आणि त्यांनी शाळेच्या निकालाचं कारण सांगून नाही म्हटलं, हे मला जावईबापूंकडून कळलं, तुझ्याकडून नाही. दाखला मी ट्रंकेत ठेवला आहे. मैनाला दहावीला बाहेरून बसवायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, हे तू कमळाकरच्या तोंडावर सांगितलंस तेव्हा मी दाराआड होतो. तो म्हणाला, "आन परत नापास झाली तं?" तू म्हणालीस, "तर परत बसवायची, दादा." किती वर्षांनी तू त्याला दादा म्हणालीस. त्याने लगेच तोंड फिरवलं आणि छपराकडे बघून म्हणाला, "एक वरीस. मंग मी कोनाचा आयकनार नाय." जासईच्या माणसांना तसा निरोप गेला. ते थांबतील असं वाटत नाही. मला दोन्हीकडून काळजी. ती पास झाली नाही तर काय, आणि झाली तर पुढे काय.

तू शिकवतेस तेव्हा मी ऐकत असतो. पहिल्या आठवड्यात ती चुकली की तू पुस्तक मिटायचीस. आता मिटत नाहीस.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. काल तू मैनाला विचारलंस, "हे तुझं रात्रीत पाठ कसं झालं? घरी कुणी घेतं का तुझ्याकडून?" तिने वहीत डोकं घातलं आणि मी पावसाकडे बघत बसलो. तिला सांगायला बंदी आहे. मला कुणी बंदी केलेली नाही, बहुतेक विसरली असेल.

तू गेलीस की तुझी आई निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन बसते आणि मैनाला म्हणते, "म्हन आता, काय शिकवला तिने." मैना इंग्रजी म्हणायला लागते. आई खाली बघून खडे काढत असते. पोरगी कुठे अडखळली की वर न बघता, "परत म्हन." पुन्हा पहिल्यापासून. परवा मैना चिडली. "आजे, तुला त्यातला काय कलतंय?"

"कलत नाय," ती म्हणाली. "अडकतंस त्या आयकू येतंय."

मग म्हणाली, "आत्या विचारल तं सांगू नको. बोलंल, आयला इंग्रजी कवापास्ना याया लागली."

माझी भीती अशी की आईला फार दिवस हे झेपणार नाही. पावसाळ्यात दम वाढतो. आणि इंग्रजीचा धडा धवल्यापेक्षा लांब असतो, असं तीच म्हणते.

उद्या संध्याकाळी तू येशील तेव्हा हे पत्र पोचलेलं नसेल. माझ्या तोंडाकडे बघून, बाबा काय झालं, असं विचारू नकोस, मी सांगून टाकीन. परवा पोचेल. वाचलंस तरी घरात आल्यावर तसं दाखवू नकोस. जमलं तर निघताना थोडी ओसरीवर रेंगाळ. चप्पल घालायला वेळ लाव. ती लगेच सुरू करते, तू वळणावर जाईपर्यंतही थांबत नाही.

आणि येताना रूळ ओलांडून येतेस, मी बघितलंय. वळसा पडला तरी फाटकावरून ये.

तुझा बाबा